दुबळ्याचं येईस्तवर

बानूबाईंबद्दल हौसरावांना काय ठाऊक होतं ते लिहायला बसलं, तर एक पोस्टकार्डही पुरतं भरायचं नाही. त्यांचं माहेर कुठलं, नवरा कशानं गेला, लेकरं किती झाली आणि किती राहिली, यातलं हौसरावांनी कधी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं पुढं फार वाटलं. पण ते मुळात विचारणारे गृहस्थच नव्हते. एस.टी.त शेजारी बसलेल्याला 'जरा खिडकी लावता का' म्हणायलाही त्यांना दोन थांबे लागत. त्यांच्या आणि बानूबाईंच्या गाठी पडल्या त्या मोजक्याच, आणि त्याही बहुतेक शेळ्यामेंढरांच्या गराड्यात. तरी दौंडच्या घरी जेवताना बानूबाईंचं नाव निघालं की पार्वतीबाईंना वाटायचं, आपला नवरा कुणा नात्यातल्या बाईबद्दलच बोलतोय.

ओळख झाली ती एकोणीसशे शहाण्णव साली. हौसराव जनावरांच्या आजारांवर काम करणाऱ्या एका संस्थेत आकडेमोडीला होते. डॉक्टर लोक गावोगाव हिंडून आकडे आणायचे, आणि हौसराव टेबलाशी बसून त्यांच्या सरासऱ्या काढायचे. हे काम त्यांना आवडायचं, कारण आकडे समोर बघून बोलत नाहीत. त्या वर्षी मात्र माणसं कमी पडली आणि साहेबांनी त्यांनाच कवठे येमाईला पाठवलं. दौंडहून शिरूर, शिरूरहून दुसरी गाडी धरून कवठे. हातात वजनाचा ताणकाटा, खांद्याला जंताच्या औषधाची पिशवी.

प्रश्न साधा होता. करडांना दर महिन्याला जंताचं औषध पाजलं तर ती खरोखर जास्त भरतात का? आता एकाच्या शेळीचं करडू आणि दुसऱ्याच्या शेळीचं करडू यांची तुलना करण्यात काही अर्थ नाही. एकीला दूध जास्त, एकीला कमी. एकाच्या रानात चारा, दुसऱ्याच्या रानात नुसते दगड. म्हणून हौसरावांनी कागदावर असं ठरवलं होतं की जुळी करडं घ्यायची. आई एक, दूध एक, रान एक. एकाला औषध पाजायचं, दुसऱ्याला नाही. मग पुढं दोघांच्या वजनात जो फरक पडेल तो औषधाचा. मेंढरांना जुळी क्वचितच होतात, पण शेळ्यांना सारखी होतात. आणि बानूबाईंच्या कळपात शेळ्या बऱ्याच होत्या.

कळप म्हणायला बानूबाईंचा, पण एकट्या त्यांचा नव्हता. सासऱ्याच्या काळात हे घर मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचं. आता कवठ्यात थोडी जमीन, एक पत्र्याचं घर, आणि कांदा निघालेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, एवढ्यावर चाललं होतं. बानूबाईंचा मुलगा संपत कोरेगाव भीमाच्या एका कंपनीत लागला होता आणि गुरुवारच्या सुट्टीला तेवढा यायचा. सून सुषमा घरी. रानात जाणारा माणूस एकच, तो म्हणजे बानूबाईंचा धाकटा दीर तात्याबा. त्याची मेंढरं, त्याच्या चार शेळ्या आणि बानूबाईंच्या शेळ्या एकत्रच चरायच्या. त्यानं आपली मेंढरं वेगळी काढली असती तर बानूबाईंना सगळ्या शेळ्या विकाव्या लागल्या असत्या. हे घरात कुणी बोलत नसे, पण सगळ्यांना माहीत होतं.

तात्याबाला औषधाचा विचार पसंत नव्हता.

"धडधाकट करडाला औषध कशापायी?" त्यानं हौसरावांना विचारलं. "मी धडधाकट हाय. मला पाजता का?"

बायका हसल्या. शेजारच्या चार जणीही करडं बघायला जमल्या होत्या.

"मागच्या साली हगवणीनं किती गेली ते इसरला का भावजी?" बानूबाई म्हणाल्या. "माझ्या शेळ्यांची जुळी धरा सायेब. आन् भावजींच्या शेळ्यांचीबी धरा. मी सांगते त्यांना."

"सांगताय तर तुमच्या शब्दावर, वैनी," तात्याबा म्हणाला. "पर आदीच बोलून ठिवतो. काय वंगाळ झालं तर मी माझी येगळी काढणार."

पुन्हा बायका हसल्या. बानूबाई हसल्या नाहीत.

बारा जोड्या निघाल्या. शेळ्यांना नावं होती, त्यामुळं जोड्यांनाही आपोआप नावं मिळाली: बांडीची जोडी, चंद्रीची जोडी, मोरीची जोडी. कुठल्या करडाला औषध पाजायचं हे नाण्यानं ठरवायचं होतं. एक करडू उजव्या हाताला धरायचं, एक डाव्या. छापा आला तर उजवं, काटा आला तर डावं. जे निघेल त्याला औषध आणि गळ्यात तांबडा दोरा.

हौसराव बाभळीखाली ताणकाटा टांगून बसले. करडं एकेक करून त्यांच्याकडे यायची, झोळीत लाथा झाडायची, ओरडायची. वजन लिहून झालं की ती तिकडं अंगणात जायची, आणि तिथं नाणं उडायचं. अंगणात सगळ्या बायका. हौसरावांनी रुपयाचं नाणं सुषमाच्या हातावर ठेवलं, रीत सांगितली आणि ते पाठ करून बसले. मागून हसण्याचा आवाज येत होता, मध्येच कुणीतरी "आनिक एकदा, आनिक एकदा" म्हणत होतं. बायकांचं काही चाललंय म्हणून त्यांनी मान वळवली नाही. शेवटी सुषमानं येऊन कुठल्या शेळीच्या कुठल्या करडाला दोरा बांधला ते सांगितलं, त्यांनी ते लिहून घेतलं, चहा घेतला आणि ते गाडीला गेले.

पाच महिन्यांनी पुन्हा वजनं घेतली. मधल्या काळात दर महिन्याला औषध सुषमानं पाजलं होतं, न चुकता. हौसरावांनी पोत्यावर बसून दोन सरासऱ्या काढल्या. तांबड्या दोऱ्याच्यांची एक, बिनदोऱ्याच्यांची एक. एकदा काढल्या, पुन्हा काढल्या.

"काय निघालं?" तात्याबा समोर उभाच होता.

हौसरावांना खोटं बोलता येत नसे, तसंच खरंही पटकन बोलता येत नसे. "औषध घेतलेली... जरा हलकी भरतायत," ते म्हणाले. "जराच."

"म्हंजी औषधानं खाल्ली."

"तसं नक्की म्हणता येत नाही."

"मग कसं म्हणता येतं सायेब? तुमचाच काटा, तुमचंच गणित." तात्याबानं काठी उचलली. तो ओरडला नाही. "वैनी, आवस झाली की मी मेंढरं घेऊन वरल्या रानात जातो. माझी माझी."

बानूबाईंनी चहा आणून दिला. कपबशी ठेवताना दुसऱ्या हातानं त्यांनी पदर नुसताच मुठीत धरला होता. निघताना त्यांनी विचारलं, "सायेब, आकडा चुकंल का?"

"आकडा चुकत नाही बाई," हौसराव म्हणाले. "मी चुकू शकतो."

हे ते धीर द्यायला म्हणाले नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत असे, नेहमीच.

दौंडला आल्यावर दोन दिवस त्यांच्या जिवाला चैन पडेना. एका विधवेची शेळीन् शेळी आपल्या दोन ओळींच्या गणितानं बाजारात जाणार, ही गोष्ट घास घेतानाही मनातून हलत नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या लक्षात आलं की आपण केलं काय? जोड्या मुद्दाम निवडल्या, आणि मग दोन ढीग करून त्या मोडून टाकल्या. बांडीचं करडू चंद्रीच्या करडाशी मोजलं. भाऊ भावाशी मोजायचा होता, तो राहिलाच.

त्यांनी जोडी जोडी समोरासमोर मांडली. तरी बऱ्याच जोड्यांत तांबड्या दोऱ्याचं करडूच किंचित मागं होतं. तात्याबाचंच खरं ठरत होतं. मग त्यांनी पहिल्या दिवशीची वजनं शेजारी घेतली.

पहिल्या दिवशीही, औषधाचा थेंब पोटात जायच्या आधीही, ज्याला पुढं तांबडा दोरा मिळाला ते करडू भावंडापेक्षा हलकं होतं. एका जोडीत नाही, दोन जोड्यांत नाही. बाराच्या बारा जोड्यांत.

"नाणं असं पडत नाही," ते मोठ्यानं म्हणाले.

"काय पडत नाही?" पार्वतीबाईंनी आतून विचारलं.

"नाणं. बारा वेळा उडवावं आणि बाराही वेळा अशक्ताच्याच बाजूनं पडावं?"

"मग त्या बाईलाच विचारा जाऊन. मला काय विचारता?"

विचारणं हेच तर अवघड होतं. पण आवस जवळ आली होती. दुसऱ्या दिवशी हौसराव रजा टाकून कवठ्याला गेले.

बानूबाई आणि सुषमा करडं शेळ्यांना लावत होत्या. एक बघण्यासारखी रीत होती. जुळ्यातलं मोठं करडू सुषमा दोन्ही पायांत दाबून धरायची, आणि बानूबाई बारकं करडू आधी आचळाला लावायच्या. मोठं ओरडायचं, धडपडायचं. बारक्याचं पोट जरा टरारलं की मगच त्याला सोडायच्या.

हौसरावांनी आधी पावसाचं विचारलं, मग संपतचं, मग शिरूरच्या बाजाराचं. बानूबाईंनी सगळ्याची उत्तरं दिली आणि शेवटी म्हणाल्या, "सायेब, दौंडावरनं पाऊस इचारायला आला न्हाई तुमी."

"त्या दिवशी नाणं कसं उडवलंत?" हौसरावांनी जमिनीकडं बघत विचारलं.

"कसं म्हंजी? तुमी सांगितलं तसं."

"प्रत्येक जोडीला एकदाच?"

सुषमानं तोंडावर पदर धरला.

"एकदाच कसं?" बानूबाई म्हणाल्या. "कवा एकदा, कवा चारदा. दुबळ्याचं येईस्तवर."

हौसरावांनी मान वर केली.

"आवो, औषध एकाचंच, करडं दोन. मग ते धडधाकटाला पाजू आन् हडकुळ्याला बघत बसवू? नाण्याला काय कळतं कोण हडकुळं ते? त्याला सांगावं लागतं." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुमी म्हनला नाणं उडवा. किती येळा ते कुठं म्हनला?"

हौसराव हसले. ते असे हसतात हे त्यांच्या ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. छातीवरचं काहीतरी उतरलं आणि ते हसतच राहिले, तेव्हा सुषमाही हसायला लागली आणि बानूबाई दोघांकडं बघत राहिल्या.

मग त्यांनी समजावून सांगितलं. औषधानं करडं खाल्ली नव्हती. तांबड्या दोऱ्याची सगळीच्या सगळी मागून निघाली होती आणि पाच महिन्यांत भावंडांच्या जवळ येऊन पोचली होती. दोन-तीन तर बरोबरीला आली होती.

"मग औषध चांगलंच की," बानूबाई म्हणाल्या. त्यांनी पदराला हात पुसले. "चला, भावजींना सांगू."

इथं हौसरावांना हो म्हणता आलं असतं. त्यांनी मान हलवली. "नाही बाई. तेही म्हणता येत नाही. दूध तुम्ही दुबळ्याला आधी पाजता. मग दुबळं वर आलं ते औषधानं की तुमच्या दुधानं, कसं सांगू?"

बानूबाईंनी हातातलं करडू खाली सोडलं. "म्हंजी समदं पुन्हा?"

"समदं पुन्हा. दूध तुमच्या रीतीनं पाजा, त्याला माझं काही नाही. औषध मात्र नाणं पहिल्यांदा सांगेल त्यालाच."

तात्याबाकडं बानूबाई स्वतः गेल्या. तो वरल्या रानात जायच्या तयारीत, घोंगडं गुंडाळत होता. वहिनीनं सगळं सांगितल्यावर तो आधी हसला नाही, मग फार हसला.

"माझ्या आयनंबी असंच केलं असतं," तो म्हणाला. "पुढल्या वेतापत्तुर थांबतो. एकच. पर नाणं मी उडवणार. आन् वैनींनी तिकडं तोंड करून बसायचं."

पुढच्या वेताला शेळ्या व्यायल्या तेव्हा पुन्हा बारा जोड्या जमल्या. तात्याबा दगडावर बसून नाणं उडवायचा, पडेल तसं पडू द्यायचा. बानूबाई भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या.

"कुनाला आलं?"

"सांगायचं न्हाई."

"बांडीच्यातलं ते भुरं तेवढं..."

"वैनी, भिंत बघा."

बांडीच्या जोडीत छापा आला, म्हणजे औषध उजव्या हातातल्या थोरल्याला. ते बारकं भुरं करडू नेमकं त्याच वेळी ओरडलं. बानूबाई अर्ध्या उठल्या. सुषमानं मागून पदर धरला आणि म्हणाली, "आत्याबाई, बसा वो. ते ओरडतंय त्याच्या सवयीनं." बानूबाई बसल्या, पण पाठीवरूनही त्यांचा राग दिसत होता.

या खेपेला हौसराव पाठ करून बसले नाहीत. बायकांच्या मधोमध उभे राहिले, घामाघूम झाले, पण शेवटचा दोरा बांधेपर्यंत तिथंच राहिले.

शेवटच्या वजनाच्या दिवशी संपतही आला होता, गुरुवार असावा. हौसरावांनी ताणकाटा आणला होता आणि त्यांनी तो वापरलाही. पण त्यांना वाटलं, आकडे आपण लिहिणार आणि आपणच वाचून दाखवणार, तात्याबानं ते का मानावेत? म्हणून त्यांनी संपतला शेजारच्या कांद्यावाल्याकडून बैलाचं एक जुनं जू आणायला लावलं. ते मधोमध दोर बांधून बाभळीला टांगलं. दोन्ही टोकांना बानूबाईंच्या जुन्या लुगड्याच्या दोन झोळ्या. एका झोळीत तांबड्या दोऱ्याचं करडू, दुसऱ्या झोळीत त्याचं भावंड.

मग कुणी काही सांगायचं उरलं नाही. चंद्रीची जोडी चढवली, जू तांबड्या बाजूला झुकलं. मोरीची चढवली, तांबड्या बाजूला. पुढची, पुन्हा तांबडी. एक जोडी मात्र सारखी उतरली, जू हललंच नाही.

"ती बाजूला ठेवू," हौसराव म्हणाले. "ती कुणाच्याच बाजूनं बोलत नाही."

बांडीच्या जोडीला मात्र जू उलटं गेलं. बिनऔषधाचं भुरं करडू खाली गेलं आणि दोऱ्याचं थोरलं वर लटकलं.

"बघा," बानूबाई म्हणाल्या. "माझं दुबळं." औषध हरलं म्हणून त्यांना वाईट वाटायला हवं होतं, पण चेहऱ्यावर तसं काही नव्हतं.

अखेर अकरांपैकी दहा जोड्यांत तांबडा दोरा खाली आणि एकीत वर, असा हिशेब झाला.

"पडलं तसं पडलं," तात्याबा म्हणाला. "नाण्यावानीच की. आज हिकडं, उद्या तिकडं."

हौसरावांनी खिशातून रुपया काढला आणि त्याच्यापुढं धरला. "मग नाण्यालाच विचारू. औषधात काहीच नसतं तर जू कधी इकडं, कधी तिकडं झुकलं असतं, या नाण्यासारखं. हे अकरा वेळा उडवा. दहा वेळा एकाच बाजूचं आलं तर औषध खोटं."

एवढं सगळं ते चारचौघांसमोर आयुष्यात पहिल्यांदाच बोलले असतील.

तात्याबानं नाणं उडवलं. पहिल्या अकरांत सहा छापे. "आनिक एकदा," तो म्हणाला. दुसऱ्या खेपेला सात काटे. सगळे गोल करून बसले, संपत मोजत होता. तिसऱ्या खेपेला पुन्हा जवळपास निम्मे निम्मे. सुषमानं चूल पेटवली, चहाला आधण आलं, तरी तात्याबा उडवतच होता. एकदा ओळीनं पाच छापे आले तेव्हा तो ताठ बसला, पण पुढं काटे सुरू झाले.

"दहाचं येईस्तवर उडवा भावजी," बानूबाई म्हणाल्या. "किती येळा ते कुठं म्हनलंय सायबांनी?"

तात्याबानं नाणं हौसरावांना परत दिलं, चहा बशीत ओतला आणि फुंकर मारून प्यायला. मग बशी ठेवत म्हणाला, "वैनी, औषधाची बाटली कुठं ठिवलीया? माझ्या कोकरांनाबी पाजायची हाय."

तो माफी वगैरे काही बोलला नाही, आणि बोलायची गरजही नव्हती. वेगळं होण्याची गोष्ट तिथंच, चहाच्या बशीत संपली. बानूबाई आत गेल्या, बाटली घेऊन आल्या आणि हौसरावांपुढं तिसरा चहा ठेवत म्हणाल्या, "घ्या आप्पा." त्या दिवसापासून सायेब संपले आणि आप्पा सुरू झाले.

हौसरावांनी हे सगळं ऑफिसात लिहून दिलं. पहिल्या खेपेचं नाणं कसं उडवलं तेही लिहिलं. साहेबांनी ते वाक्य खोडलं, म्हणून हौसरावांनी ते पुन्हा लिहिलं. एरवी त्यांच्या हातून असं झालं नसतं.

पुढं एक-दोनदा कवठ्याला जाणं झालं, मग निवृत्ती आली आणि तेही थांबलं. बानूबाई कशा आहेत, शेळ्या किती आहेत, पत्र टाकून विचारावं असं त्यांना पुष्कळदा वाटे. पण आपण कोण विचारणारे, म्हणून राहून जाई. दोन हजार चार साली दौंड स्टेशनवर संपत भेटला. आई उन्हाळ्यात गेली म्हणाला. त्रास काही झाला नाही, दोन दिवस ताप आला एवढंच.

त्याच्या आदल्या वर्षी बानूबाईंची शेवटची भेट झाली होती, शिरूरच्या स्टँडवर. हौसराव एका लग्नाहून परतत होते, बानूबाई बाजार करून निघाल्या होत्या. डोक्यावर पिशवी, हातात औषधाची नवी बाटली. दोघंही एकमेकांना ओळखून जरा उगीच उभे राहिले. हौसरावांना पुष्कळ विचारायचं होतं. तेवढ्यात दौंडची गाडी लागली.

"गाडी लागली बगा तुमची," बानूबाई म्हणाल्या. "पुढं बसा आप्पा, मागं लई आपटतं."

"तुम्ही थांबलाय कशाला उन्हात? चहा घेऊ."

"नगं. भावजी मेंढरं आन् शेळ्या घेऊन एकलेच हायत. जायला पायजे."

"बरं," हौसराव म्हणाले. "सावकाश जा."